इस्कियाची पहिली सुट्टी: गरम झरे, समुद्र आणि भरपूर सवड

इटलीला पहिल्यांदा निघालेल्या मराठी कुटुंबाचा कार्यक्रम बहुतेक ठरलेला असतो. रोम, फ्लॉरेन्स, पिसा, व्हेनिस, जमलं तर मिलान. पायाला भिंगरी लावून फिरायचं आणि घरी आल्यावर दोन दिवस झोपून काढायचे. ती सहल आपल्या जागी ठीक आहे. पण ज्यांना खरोखर अंग मोकळं करायचंय, आई-बाबांच्या गुडघ्यांना आराम द्यायचाय, समुद्राकडे बघत निवांत बसायचंय, त्यांनी नेपल्सच्या आखातातल्या इस्किया बेटाचा विचार करावा. शेजारच्या काप्रीचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. इस्किया काप्रीपेक्षा बरंच मोठं आहे, आणि त्याच्या पोटात गरम पाणी आहे.

बेट जेमतेम ४६ चौरस किलोमीटरचं. मधोमध ७८९ मीटर उंचीचा एपोमेओ डोंगर. तो ज्वालामुखीचा शंकू असावा असं लांबून वाटतं, पण तसं नाही. सुमारे ५५ हजार वर्षांपूर्वी इथे प्रचंड उद्रेक झाला आणि पुढे खालच्या शिलारसाच्या दाबाने समुद्राचा तळच वर उचलला गेला. त्यातून हा हिरवट दगडाचा डोंगर उभा राहिला. बेटावरचा शेवटचा उद्रेक १३०२ सालचा, पण जमिनीखालची धग आजही आहे. पावसाचं आणि समुद्राचं पाणी भेगांतून खाली मुरतं, तापतं, क्षार घेऊन वर येतं. आपल्या वज्रेश्वरी-गणेशपुरीचे किंवा तुरळ-उन्हवऱ्याचे झरे जमिनीतल्या खोल भेगांमुळे तापतात, त्यामागे जिवंत ज्वालामुखी नाही. इस्कियात तो आहे, म्हणून एवढ्याशा बेटावर जागोजागी गरम पाणी लागतं.

आधी दिवस ठरवा, मग तिकीट काढा

नेपल्सहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचं, असं इस्किया करू नका. अर्धा वेळ बोटीत जातो आणि गरम पाण्यातून बाहेर येऊन धावत धक्का गाठावा लागतो. पाच रात्री हव्यातच, सात मिळाल्या तर उत्तम. कमी दिवस असतील तर इटलीतलं एखादं शहर गाळा, बेटावरची रात्र गाळू नका. या पाण्याचा गुण एका डुबकीत कळत नाही. रोज थोडं पाणी, मग आडवं होणं, मग साधं जेवण असे तीन-चार दिवस गेले की झोप गाढ लागायला लागते.

कधी जायचं, याचं उत्तर आपल्याला सोयीचं आहे. मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत तिथे हवा छान असते. समुद्र गारच असतो, पण गरम कुंडं असल्यामुळे अडत नाही. नुसत्या समुद्रासाठी जायचं झालं तर जुलै-ऑगस्ट गाठावा लागला असता. जून आणि सप्टेंबर सर्वांत चांगले. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत समुद्रही बरा उबदार असतो. दिवाळीच्या सुट्टीत जायचं असेल तर तारखा नीट बघा. गरम कुंडांची मोठी उद्यानं साधारण एप्रिल ते ऑक्टोबरच चालू असतात आणि नोव्हेंबरपासून बरीच हॉटेलंही दारं लावून घेतात.

१५ ऑगस्टचा आठवडा टाळा. त्या दिवशी इटलीत मोठा सण असतो, अर्धं नेपल्स बेटावर लोटतं, भाव चढतात आणि वाळूत चटई टाकायलाही जागा उरत नाही. २६ जुलैला मात्र बेटावरच्या इस्किया पोंते या वस्तीजवळच्या समुद्रात सांत आन्नाचा उत्सव असतो. सजवलेले तराफे पाण्यातून मिरवतात आणि रात्री तिथल्या आरागोन किल्ल्यावर आतषबाजी होते. गर्दीची तयारी असेल तर ती तारीख मुद्दाम साधा.

व्हिसा आणि कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा, लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. खरं तर दोन-तीन महिने आधी हात घाला, कारण उन्हाळ्याच्या तोंडावर भेटीची वेळच मिळत नाही. २०२४ पासून प्रौढांची फी ९० युरो आहे, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांची ४५. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचं शुल्क वेगळं. प्रवास विमा किमान ३० हजार युरोंचा हवा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत दिलेला, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा आणि दोन कोरी पानं असलेला लागतो.

दुसऱ्या शेंगेन देशात जास्त रात्री काढणार असाल तर अर्ज त्या देशाकडे करायचा. इस्कियाच्या पाच-सात रात्री धरल्यावर बहुतेकांचा मुख्य देश इटलीच ठरतो.

नेपल्स गाठा, मग बोट

मुंबईहून नेपल्सला थेट विमान नाही. आखाती देशातून किंवा युरोपातल्या एखाद्या शहरातून बदलून जावं लागतं. दुसरा मार्ग रोमला उतरायचा. रोमा तेर्मिनी स्थानकावरून वेगवान गाडी सव्वा तासाच्या आत नापोली चेंत्रालेला सोडते. आई-बाबा बरोबर असतील तर मला हाच मार्ग जास्त आवडतो, कारण रोमला एक रात्र काढून झोप भरून घेता येते. लंडनला राहणाऱ्यांचं काम सोपं आहे, तिथून नेपल्सला थेट विमानं आहेत.

नेपल्सच्या बंदरात दोन वेगळे धक्के आहेत आणि इथे नवख्यांची गडबड होते. मोलो बेवेरेल्लोवरून जलद बोटी सुटतात. त्यांना तिथे 'अलिस्काफो' म्हणतात. त्या साधारण तासाभरात पोहोचवतात. कालाता पोर्ता दी मास्सावरून गाड्या वाहून नेणारी मोठी, संथ बोट सुटते, तिला दीड तास लागतो. तिकिटावर कुठला धक्का लिहिलाय ते वाचा, कारण दोन्हींमध्ये बॅगा ओढत चालण्याइतकं अंतर आहे. नापोली चेंत्राले स्थानकावरून यायचं तर त्याला लागूनच असलेल्या गारिबाल्दीहून मेट्रोची लाइन १ धरायची आणि म्युनिचिपिओला उतरायचं. बेवेरेल्लो समोरच. विमानतळावरून 'अलीबस' थेट बंदराकडे येते.

बोट लागण्याचा त्रास असेल तर मोठी बोटच घ्या. ती कमी हेलकावते, वर मोकळी गच्ची असते, आणि तिकीटही स्वस्त. वारा वाढला की जलद बोटी आधी रद्द होतात, मोठ्या बऱ्याचदा चालू राहतात. मोठ्या बॅगेचे काही कंपन्या वेगळे पैसे घेतात.

गाडी भाड्याने घेऊन बेटावर नेऊ नका. रस्ते अरुंद, वळणं अवघड आणि पार्किंगची मारामार. बस भरपूर आहेत. सीडी आणि सीएस नावाच्या दोन बस बेटाला उलटसुलट फेऱ्या मारतात आणि जवळपास सगळं त्यांच्या वाटेवर येतं. तिकीट तंबाखूच्या दुकानात मिळतं, दारावर 'टी' अक्षराची पाटी असते. आत चढल्यावर यंत्रात शिक्का मारायचा. उन्हाळ्यात दहा वाजता बस खच्चून भरतात, म्हणून साडेआठची पकडा.

आणि तीनचाकी टॅक्सी दिसली की एकदा तरी बसा. इस्कियात पियाज्जो कंपनीच्या 'आपे'च्या टॅक्सी वर्षानुवर्षं धावताहेत. बारामतीच्या कारखान्यातून निघणाऱ्या आपे रिक्षांची ही माहेरची बहीण. आपल्याकडच्यांना ती लगेच ओळखू येते. भाडं मात्र बसायच्या आधी ठरवून घ्या.

मुक्काम कुठल्या गावात

बेटावर सहा नगरपालिका आहेत आणि प्रत्येकीचा स्वभाव वेगळा.

इस्किया पोर्तो सर्वांत सोयीचं. बोट तिथेच लागते, दुकानं, औषधं, बस सगळं हाताशी. हे बंदर म्हणजे मुळात ज्वालामुखीच्या विवरात साठलेलं तळं. १८५४ साली नेपल्सच्या राजाने मधली पट्टी फोडून त्यात समुद्र आणला, म्हणून ते इतकं गोल दिसतं. पोर्तोपासून चालत इस्किया पोंतेला जाता येतं, जिथे आरागोन किल्ला आहे. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी, विशेषतः ज्येष्ठांबरोबर जाणाऱ्यांनी, इथेच राहावं.

फोरिओ पश्चिमेला, म्हणून सूर्यास्त तिथला. सोकोर्सोचं पांढरंशुभ्र चर्च समुद्रात शिरलेल्या टेकाडावर उभं आहे. बेटावरचं सर्वांत मोठं कुंडांचं उद्यान इथून जवळ. फक्त आराम आणि पाणी एवढंच हवं असेल तर माझं मत फोरिओला.

लाको आमेनो लहान, नीटनेटकं, जरा महाग. समुद्रात छत्रीसारखा एक खडक उभा आहे. सरकारी रुग्णालय याच गावात. सांत आंजेलो फार देखणं, गाड्यांना बंदी, पण सगळीकडे चढ आणि पायऱ्या. गुडघे दुखणाऱ्यांनी तिथे दुपार घालवावी, खोली घेऊ नये. बारानो आणि सेर्रारा फोंताना डोंगराच्या बाजूची, शांत, स्वस्त, पण रोज बसवर अवलंबून. कासामिच्चोलाने बरंच सोसलंय. १८८३ च्या भूकंपात तिथे दोन हजारांहून जास्त माणसं गेली. २०१७ मध्ये पुन्हा भूकंप झाला, आणि २०२२ च्या नोव्हेंबरात दरड कोसळून बारा जणांचा जीव गेला. तिथे राहू नये असं नाही. पण वरच्या आळीतली पडकी घरं बघताना हे माहीत असावं, फोटो काढताना भान ठेवावं.

हॉटेल निवडताना एकच प्रश्न आधी विचारा: तुमचं स्वतःचं गरम पाण्याचं कुंड आहे का? इस्कियात साध्या तीन तारा हॉटेलातही ते असतं. असं असलं की बाहेरच्या उद्यानांची तिकिटं रोज काढावी लागत नाहीत. दिवसाआड बाहेर, दिवसाआड हॉटेलात, असं छान जमतं. नगरपालिकेचा मुक्कामाचा कर माणशी, रात्रीमागे वेगळा द्यावा लागतो आणि तो बहुधा हॉटेलातच भरायचा असतो.

बॅगेत काय भरायचं

पोहण्याची टोपी सर्वांत आधी टाका. बहुतेक कुंडांत ती सक्तीची आहे, टक्कल असलेल्यालाही. तिथे विकत मिळते, पण आपल्या गल्लीतल्या खेळाच्या दुकानात स्वस्त पडते. रबरी तळव्याच्या पाण्यातल्या चपला हव्यातच, खडकांवर आणि तापलेल्या वाळूत त्यांच्याशिवाय पाऊल टाकवत नाही. प्रत्येकी दोन पोहण्याचे पोशाख घ्या, एक वाळेपर्यंत दुसरा. सुती टी-शर्ट, सलवार किंवा साधी चड्डी घालून कुंडात उतरू देत नाहीत. अंग झाकणारा पोशाख हवा असेल तर तो पोहण्याच्या कापडाचाच शिवलेला किंवा विकत घेतलेला असावा.

संकोच वाटणाऱ्यांसाठी एक दिलासा. इस्कियाच्या उद्यानांत वाफेच्या खोलीतसुद्धा पोहण्याचा पोशाख घालूनच बसतात. उत्तर युरोपातल्या काही देशांसारखी कपडे उतरवायची पद्धत इथे नाही. वेगवेगळ्या वयाची, आकाराची माणसं तिथे निर्धास्त वावरतात. आपल्याकडे कुणी बघत नाही, हे अर्ध्या तासात कळतं.

चांदीचे दागिने घरी ठेवा, क्षारांनी काळे पडतात. मंगळसूत्र, अंगठी खोलीतल्या तिजोरीत. डोक्याला तेल चोपडून कुंडाकडे जाऊ नका, आत उतरण्याआधी अंघोळ करावीच लागते.

कुंडात उतरायची पद्धत

हा भाग सावकाश वाचा, कारण सहलीचं सोनं किंवा माती इथे होते.

फोरिओजवळच्या चिताराच्या किनाऱ्याला लागून जार्दिनी पोसेडॉन नावाचं उद्यान आहे. डोंगराच्या उतारावर वीसेक कुंडं, पाणी कोमट २८ अंशांपासून कढत ४० पर्यंत, आणि खाली स्वतःचा समुद्रकिनारा. प्रत्येक कुंडापाशी तापमान लिहिलेलं असतं. नवखा माणूस पैसे वसूल करायला थेट ४० च्या कुंडात जाऊन बसतो. तसं करू नका. २८-३० पासून सुरुवात करा, मग ३४, मग ३६. गरम कुंडात दहा मिनिटं, फार तर पंधरा. बाहेर या, साध्या पाण्याचा फवारा घ्या, टॉवेल गुंडाळून निदान वीस मिनिटं आडवे पडा. या वेळात पाणी प्या. मग पुढचं कुंड. सर्वांत गरम कुंड दिवसातून एकदाच.

ही आडवं पडायची वीस मिनिटं लोक वाया गेलेली समजतात. पण गरम पाण्यात रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब खाली येतो. तो पूर्ववत व्हायला वेळ लागतो. तसंच उठून चालू लागलात तर डोळ्यांपुढे अंधारी येते. तिथले वयस्कर इटालियन बघा. ते पाण्यात कमी आणि खुर्चीवर जास्त असतात. अनेकजण दरवर्षी येतात आणि त्यांना कुठली घाई नसते.

दोन अरुंद चर असलेलं एक कुंड तिथे नक्की करा. एका चरात गरम पाणी, दुसऱ्यात गार, तळाला गोटे. पोटरीपर्यंत पाण्यातून गरम बाजूने चालत जायचं, वळून गार बाजूने परत यायचं. पहिल्या फेरीत गार पाण्यात पाय ठेवताच तोंडातून आवाज निघतो. चौथ्या-पाचव्या फेरीला तळपायांत मुंग्या आल्यासारखं वाटायला लागतं आणि प्रवासात सुजलेले पाय हलके होतात. लांबच्या विमानप्रवासानंतर पहिल्या दिवशी एवढं एकच केलंत तरी चालेल.

दुसरं मोठं उद्यान नेगोम्बो, लाको आमेनोजवळच्या सान मोंतानोच्या खाडीत. ते उभारणाऱ्या इटालियन उमरावाला ही खाडी श्रीलंकेतल्या नेगोम्बोसारखी वाटली, म्हणून नाव तेच ठेवलं. झाडी दाट, किनारा उथळ, वाळू मऊ. माझ्या मते कुटुंबासाठी नेगोम्बो, पाण्याच्या विविधतेसाठी पोसेडॉन. तिकीट दोन्हीकडे स्वस्त नाही. सकाळी दार उघडताना जाऊन दिवसभर राहिलात तर ते वसूल होतं. दुपारनंतरचं कमी दराचं तिकीटही मिळतं का, विचारून घ्या.

लहान मुलांचं आधी चौकशी करून ठरवा. गरम कुंडांत त्यांना सोडत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळी कोमट कुंडं असतात. मुलं समुद्रातच जास्त रमतात.

आता काळजीचं. हृदयविकार, रक्तदाबाच्या गोळ्या, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, पायांतल्या फुगलेल्या शिरा, उघडी जखम, ताप यांपैकी काहीही असेल तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा. गरोदर बायकांनी गरम कुंडं टाळावीत. इस्कियाच्या काही पाण्यांत रेडॉन हा किरणोत्सारी वायूही अल्प प्रमाणात असतो. १९१८ साली इटलीतल्या झऱ्यांचा अभ्यास करायला मेरी क्यूरी इथे आल्या होत्या. मधुमेहामुळे तळपायांची संवेदना कमी झालेल्यांनी तर फारच जपावं. चटका बसला तरी त्यांना कळत नाही. अशा माणसाबरोबर कुणीतरी आधी हात घालून पाणी तपासावं.

चिखलाचा लेप

इस्कियाची खरी ख्याती लेपाची. बेटावरची माती कित्येक महिने वाहत्या गरम पाण्यात मुरवत ठेवतात. मग ती लोण्यासारखी होते, रंग करडा-हिरवट. सकाळी रिकाम्यापोटी नव्हे, हलकी न्याहारी करून जायचं. पलंगावर गरम लेप पसरतात, त्यावर तुम्हाला झोपवतात आणि चादरीत गुंडाळतात. पंधरा-वीस मिनिटं. सुरुवातीला पाठीला वजन आणि ऊब एकदम जाणवते, मग कपाळावर घाम फुटतो. नंतर धुऊन काढतात, गरम पाण्याच्या टबात बसवतात आणि शेवटी मालिश.

सांधेदुखीसाठी पूर्ण उपचार साधारण बारा दिवसांचे असतात. इटालियन नागरिकांना डॉक्टरच्या चिठ्ठीवर ते सरकारी आरोग्यसेवेतून मिळतात, म्हणून हॉटेलांत इतके ज्येष्ठ दिसतात. आपल्याला आठवड्यात दोन-तीन लेप पुरे, तेही दिवसाआड. लेपाआधी तिथला डॉक्टर रक्तदाब बघतो. ती तपासणी टाळणाऱ्या ठिकाणी लेप घेऊ नका. लेपाच्या दिवशी दुपारी ऊन, डोंगर, वारुणी काहीही नको. खोलीत झोपा.

या पाण्यांचा पद्धतशीर अभ्यास जुना आहे. जुलिओ याझोलिनो नावाच्या वैद्याने १५८८ साली बेटावरच्या झऱ्यांवर, कुठलं पाणी कशाला चालतं हे सांगणारा ग्रंथ छापला. पण लेपाने संधिवात कायमचा जातो, अशी आशा धरून जाऊ नका. आराम मिळतो, हालचाल सोपी होते, आणि तेवढ्यासाठी जाणं योग्य आहे.

विनातिकीट आणि कमी तिकिटाचं पाणी

सोर्जेतो माझी सर्वांत लाडकी जागा. पान्झा गावाखाली कड्याच्या पायथ्याशी, दोनशेहून जास्त पायऱ्या उतरून जायचं. खडकांमधून कढत पाणी फुटतं आणि थेट समुद्रात मिसळतं. लोकांनी दगड रचून छोटी छोटी डबकी केली आहेत. त्यात बसायचं आणि आपल्याला हवी तेवढी ऊब स्वतः साधायची. फार चटका बसला तर समुद्राकडचा एक दगड बाजूला करा, गार लाट आत येते. पुरेसं झालं की दगड परत लावा. यात तास कसा जातो कळत नाही. झरा जिथे फुटतो त्या खडकाला मात्र हात लावू नका, तिथलं पाणी भाजून काढणारं असतं. काहीजण त्यात अंडी आणि बटाटे उकडतात.

समुद्र खवळलेला असेल तर सोर्जेतोला जाऊ नका. कड्याची पडझड झाली की वाटही बंद करतात, म्हणून निघण्याआधी हॉटेलात विचारा. पायऱ्या झेपणार नसतील तर सांत आंजेलोहून छोटी बोट तिथे सोडते.

बारानोजवळ बुओनोपाने गावात निट्रोदीचा झरा आहे. इथे कुंड नाही, फवारे आहेत. पाणी अंगाच्या उबेपेक्षा गार, त्वचेसाठी चांगलं समजतात. रोमन काळात इथे अपोलो आणि जलदेवतांना संगमरवरी पाट्या वाहिलेल्या सापडल्या आहेत. फवाऱ्याखाली उभं राहायचं, अंग पुसायचं नाही, उन्हात वाळू द्यायचं, पुन्हा फवारा. तिकीट मोठ्या उद्यानांपेक्षा बरंच कमी. उन्हाने त्वचा काळवंडून, खाज सुटून आला असाल तर एक सकाळ इथे काढा.

मारोंतीच्या किनाऱ्यावरून घळीत शिरलं की कावास्कुरा लागतं. खडकात कोरलेले टब आणि वाफेची गुहा, रोमनांच्या काळापासून वापरातली. चकाचक काही नाही, पण जुनं इस्किया कसं असेल ते तिथे दिसतं.

किनारे

वाळू करडी, ज्वालामुखीची, दुपारी तापते. मारोंती सर्वांत लांब. त्याच्या एका टोकाला जमिनीतून वाफ येते आणि वाळू इतकी गरम असते की तिथले लोक कोंबडी आणि बटाटे पत्र्याच्या कागदात गुंडाळून पुरून शिजवतात. तिथे अनवाणी चालायचं नाही. कार्तारोमानाला समुद्रातच गरम झरे आहेत आणि समोर किल्ला. कियाइया उथळ, मुलांना बरा.

प्रत्येक किनाऱ्याचे दोन भाग असतात. छत्र्यांच्या रांगा दिसतात तो भाड्याचा, तिथे छत्री आणि दोन खाटांचे दिवसाचे पैसे, पहिली रांग महाग. 'स्पियाज्जा लिबेरा' म्हणजे मोकळा, फुकट. सकाळी नऊच्या आत गेलात तर मोकळ्या भागात जागा मिळते. आई-बाबा असतील तर पैसे द्या आणि छत्री घ्या, तिथल्या उन्हाची धार मुंबईच्या दमट उन्हासारखी जाणवत नाही आणि म्हणूनच भाजते.

जेवणखाण

बेटाची खासियत ससा. मातीच्या भांड्यात टोमॅटो, लसूण, पांढरी वाईन घालून शिजवलेला. खाणाऱ्यांनी रविवारी दुपारी, डोंगराकडच्या खाणावळीत, आधी सांगून खावा. मासे खाणाऱ्यांची चंगळच.

शाकाहारींनी घाबरू नये. टोमॅटोचा पास्ता, वांग्याची पार्मिज्याना, मोत्झारेल्ला-टोमॅटोची काप्रेसे, भाज्यांचा पिझ्झा सगळीकडे मिळतं. 'सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे' म्हणजे मांस नको, मासे नको, एवढं पाठ करा. 'वेजेतारियानो' म्हटलं तरी कळतं, पण अँचोव्ही हा बारीक मासा त्यांच्या लक्षात राहत नाही, तो वेगळा सांगा. काटेकोर शाकाहारींनी हेही जाणून घ्यावं की पार्मेझान चीज वासराच्या जठरातल्या विकराने लावलेलं असतं. चीजच नको असेल तर पिझ्झा मारिनारा मागा, त्यावर फक्त टोमॅटो, लसूण, ओरेगानो.

बिलात 'कोपेर्तो' नावाची माणशी छोटी रक्कम असते. ती टेबलाची, फसवणूक नव्हे. रात्रीचं जेवण साडेसात-आठच्या आधी मिळत नाही. साखर सांभाळणाऱ्यांनी खिशात चणे-खाकरा ठेवावा. स्थानिक पांढरी वाईन घ्यायची तर बियांकोलेल्ला, पण गरम पाण्यातून आल्या आल्या नको.

पाण्याशिवायचे दिवस

दोन दिवस मोकळे ठेवा. एक आरागोन किल्ल्यासाठी. छोट्या पुलावरून बेटाला जोडलेल्या खडकावर तो उभा आहे आणि वर जायला लिफ्ट आहे. तास-दीड तास नव्हे, अख्खी सकाळ द्या. दुसरा ला मोर्तेल्लाच्या बागेसाठी, फोरिओजवळ. इंग्रज संगीतकार विल्यम वॉल्टन यांच्या पत्नी सुसाना यांनी दगडाळ खाणीसारख्या जमिनीत ती फुलवली, १९९१ पासून लोकांसाठी खुली आहे. ती रोज उघडी नसते, वार बघून जा.

इतिहासाची आवड असेल तर लाको आमेनोतल्या व्हिला आर्बुस्तोच्या संग्रहालयात नेस्टरचा, म्हणजे ग्रीक महाकाव्यातल्या एका राजाच्या नावाचा, प्याला बघा. इसवी सनपूर्व आठव्या शतकातल्या या मातीच्या भांड्यावर तीन ओळी कोरल्या आहेत, ग्रीक लिपीतल्या अगदी सुरुवातीच्या लेखनापैकी. ग्रीकांनी पश्चिमेकडे पहिली वस्ती केली ती याच बेटावर.

एपोमेओवर चढायचं तर फोंताना गावापर्यंत बस आणि पुढे तासाभराची चढण. सकाळी सातला सुरुवात करा. आदल्या दिवशी लेप घेतला असेल तर नको.

परतीची तयारी

परतीचं विमान आणि बेटावरून सुटणारी बोट एकाच दिवशी ठेवू नका. वाऱ्याने बोटी थांबल्या तर सगळं गडबडतं. शेवटची रात्र नेपल्स किंवा रोमला काढा. निघायच्या आदल्या संध्याकाळी धक्क्यावर जाऊन किंवा हॉटेलात विचारून बोटीची वेळ पक्की करा, कारण हंगाम बदलला की वेळापत्रकही बदलतं. ओले पोशाख दोन दिवस आधीच वाळत घाला. काही अडलं तर ११२ हा आपत्कालीन क्रमांक सगळीकडे चालतो, आणि हिरव्या क्रॉसची पाटी म्हणजे औषधांचं दुकान. नेपल्सला पोहोचल्यावर वेळ उरला तर बंदराजवळच पिझ्झा खा आणि मग गाडी पकडा.